वाटलेले बल्ब आणि वाचलेली वीज

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



वीजबचतीच्या कार्यक्रमांचे मूल्यमापन कसे करावे, या विषयावर मी बोलावे असे आयोजकांनी सुचवले आहे. विषय रुक्ष वाटतो. पण आपल्यापैकी अनेकांनी वस्तीत कधी ना कधी काहीतरी वाटले आहे. कोणी वह्या वाटल्या, कोणी धान्य, कोणी औषधे. वाटून झाल्यावर आपण अहवाल लिहितो आणि त्यात आकडे टाकतो. त्या आकड्यांबद्दलच आज मला बोलायचे आहे, आणि सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी वर्गणी काढून आमच्या मोहल्ल्यात एलईडी बल्ब वाटले. घरटी दोन. जुने पिवळे बल्ब अजून बऱ्याच घरांत होते. वाटप दोन दिवसांत झाले, फोटो निघाले. मग मी अहवाल लिहायला बसलो. एका बल्बमागे इतके वॅट वाचतात, तो इतके तास चालतो, वर्षाचे दिवस ३६५, आणि बल्ब इतके. गुणाकार केला आणि लिहून टाकले की आमच्या उपक्रमाने मोहल्ल्यात वर्षाला इतके हजार युनिट वीज वाचली. वर्ष अजून सुरूही झाले नव्हते.

चार महिन्यांनी शेजारच्या गल्लीतल्या खाला हातात दोन बिले घेऊन आल्या. एक फेब्रुवारीचे, एक मेचे. मेचे बिल जवळजवळ दुप्पट होते. त्या रागावल्या नव्हत्या. शांतपणे म्हणाल्या, "बेटा, तुझ्या कागदावर वीज वाचली. माझ्या कागदावर का नाही वाचली?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे वाचले आणि पाहिले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम खालांचे घरच घेऊ. त्यांच्याकडे साठ वॅटचा एक पिवळा बल्ब होता, त्या जागी नऊ वॅटचा एलईडी आला. एक्कावन्न वॅट वाचले. बल्ब रोज चार तास चालतो असे धरले, तर महिन्याला साधारण सहा युनिट वाचतात. आता पंख्यांकडे पाहा. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. घरात दोन पंखे. फेब्रुवारीत ते आठ तास चालत असतील आणि मे महिन्यात अठरा तास, तर महिन्याला ४५ युनिट वाढले. सहा वाचले आणि पंचेचाळीस वाढले. बिलात बचत दिसणार कशी?

याचा अर्थ बल्ब निकामी होता का? नाही. बल्ब बदलला नसता तर मेचे बिल आणखी सहा युनिटांनी वाढले असते. मूल्यमापनाची सगळी अडचण यात आली. बचत ही डोळ्यांना दिसणारी वस्तू नाही. मीटर वापरलेली वीज मोजतो, न वापरलेली मोजत नाही. त्यासाठी आपल्याला विचारावे लागते की हे केले नसते तर काय झाले असते? आणि हा प्रश्न सोडून आपण दोन सोपे रस्ते धरतो. एक माझा, म्हणजे कागदावरचा गुणाकार. दुसरा खालांचा, म्हणजे आधीचे बिल आणि नंतरचे बिल. दोन्ही रस्ते चुकवतात.

गुणाकाराचा रस्ता आमच्यासारखे हौशी लोकच धरतात असे समजू नका. देशातली सर्वात मोठी बल्ब योजना म्हणजे उजाला. जानेवारी २०१५ मध्ये ती सुरू झाली आणि तिच्यात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. सरकारी आकड्यांप्रमाणे ३६.८६ कोटी बल्बांमुळे वर्षाला अंदाजे ४,७८७ कोटी युनिट वीज वाचते. हा अंदाज आहे असे सरकारही म्हणते. पण पुढे भाषणांत आणि फलकांवर 'अंदाजे' हा शब्द गळून पडतो.

आपण साधा भागाकार करू. ४,७८७ कोटी युनिट भागिले ३६.८६ कोटी बल्ब. एका बल्बमागे वर्षाला सुमारे १३० युनिट येतात. एका बल्बने १३० युनिट वाचवायचे तर काय व्हायला हवे? त्या नऊ वॅटच्या बल्बने साठ वॅटच्या पिवळ्या बल्बचीच जागा घेतली पाहिजे आणि तो रोज सात तास चालला पाहिजे, वर्षाचे सर्व दिवस. दिवाणखान्यातला बल्ब सात तास चालेलही. पण मोरीतला, जिन्यातला, माळ्यावरचा? तोच बल्ब रोज तीन तास चालला तर बचत ५६ युनिटांवर येते. आणि ज्या घरात आधीच चौदा वॅटचा सीएफएल होता, तिथे नऊ वॅटचा एलईडी लावून तीन तास वापरला, तर वर्षाची बचत साडेपाच युनिट. एकशे तीस कुठे आणि साडेपाच कुठे! खरी सरासरी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असणार. ती कुठे आहे हे घरोघर जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. बल्ब लावला की कपाटात ठेवला, कोणत्या बल्बच्या जागी लावला, किती तास चालतो, हे विचारावे लागते.

पण इथेच थांबलो तर योजनेवर अन्याय होईल. कारण हिशेबातून एक मोठी गोष्ट उलट्या बाजूनेही सुटते. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बची किंमत ३१० रुपये होती. एकगठ्ठा निविदा निघत गेल्या आणि २०१६ पर्यंत ती ३८ रुपयांवर आली. दुकानात तीनशे-साडेतीनशे रुपयांना मिळणारा बल्ब सत्तर-ऐंशी रुपयांना मिळू लागला. म्हणजे ज्याने सरकारी केंद्रावरून एकही बल्ब घेतला नाही, त्यालाही कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्त एलईडी मिळाला. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने २०१७ मध्ये या योजनेचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही बाजारावर झालेल्या या परिणामाचा विचार आहे. वाटलेल्या बल्बांच्या गुणाकारात हा परिणाम येतच नाही. म्हणजे तोच आकडा एका बाजूने फुगलेला असू शकतो आणि दुसऱ्या बाजूने अपुरा. टीका करायची म्हणून टीका करणाऱ्याला यातली एकच बाजू दिसते, आणि जाहिरात करणाऱ्याला एकही दिसत नाही.

आता कोणी म्हणेल, मग नीट मोजता येतच नाही का? येते. आपल्या अकोल्याचे उदाहरण घ्या. २००७ च्या सुमारास अकोला महानगरपालिकेने साडेअकरा हजारांहून अधिक पथदिवे बदलले. जुन्या नळ्या, पाऱ्याचे आणि सोडियमचे दिवे काढून टी-फाइव्ह जातीच्या कमी विजेच्या नळ्या लावल्या. पैसे कंत्राटदाराने घातले आणि त्याला मोबदला मिळायचा तो तपासून सिद्ध झालेल्या बचतीतून. वर्षाला सुमारे २१ लाख युनिट वाचले, म्हणजे आधीच्या वापराच्या ५६ टक्के. इथे बचत मोजून घेण्यात पालिकेचाही स्वार्थ होता, कारण न झालेल्या बचतीचे पैसे तिला द्यायचे नव्हते.

पण अकोल्याचा हिशेब सोपा का होता, हेही लक्षात घ्या. रस्त्यावरचा दिवा संध्याकाळी लागतो आणि सकाळी विझतो. वीज स्वस्त पडू लागली म्हणून तो जास्त वेळ जळत नाही. त्याच्या घरी पाहुणे येत नाहीत, त्याची मुलगी दहावीला नसते. घरातला दिवा मात्र माणसे वापरतात, आणि माणूस आला की कागदावरचा हिशेब हलतो.

मेक्सिकोत काय झाले ते सांगतो. तिथल्या सरकारने २००९ मध्ये जुने फ्रीज आणि वातानुकूलन यंत्रे बदलून देण्याची मोठी योजना सुरू केली. दहा वर्षांहून जुने यंत्र जमा करा, नव्यासाठी अनुदान घ्या. जुने यंत्र मोडीत काढले जाई, म्हणजे ते दुसऱ्याच्या घरी जाऊन चालू राहण्याची भीती नव्हती. योजना विचारपूर्वक आखलेली होती. २०१२ पर्यंत जवळजवळ एकोणीस लाख यंत्रे बदलली गेली. मग लुकास डेव्हिस, अ‍ॅलन फुक्स आणि पॉल गर्टलर या तीन अर्थतज्ज्ञांनी वाटपाचे आकडे बाजूला ठेवले आणि लाखो घरांची विजेची बिले तपासली. त्यांचा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रीज बदललेल्या घरांत विजेचा वापर सुमारे ८ टक्क्यांनी घटला होता. आधी जो अंदाज बांधला होता त्याच्या तो जेमतेम पाव भाग होता. आणि एसी बदललेल्या घरांत वापर घटण्याऐवजी वाढला होता.

असे का झाले? नवे फ्रीज आकाराने मोठे होते, त्यांत बर्फ करण्यासारख्या जादा सोयी होत्या. जुने म्हणून आलेले फ्रीज अंदाज बांधणाऱ्यांना वाटले होते तितके जुनाट नव्हते. आणि एसीचे म्हणाल तर, यंत्र कमी वीज खाते म्हटल्यावर लोकांनी ते जास्त वेळ लावले. आपल्याही घरात हे होते. कमी खर्चाचा दिवा म्हटले की "राहू दे चालू, काय एवढं लागतंय त्याला" असे आपणच म्हणतो.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचे. तिथे गरीब कुटुंबांच्या घरांना सरकारी खर्चाने थंडीपासून आडोसा करून देण्याची जुनी योजना आहे. भिंतींच्या पोकळीत थर भरायचा, फटी बुजवायच्या, घर तापवणारी भट्टी बदलायची. एका घरामागे सुमारे पाच हजार डॉलरचे काम, आणि कुटुंबाला एक पैसाही द्यावा लागत नाही. मेरेडिथ फाउली, मायकेल ग्रीनस्टोन आणि कॅथरीन वुल्फ्रम यांनी सुमारे तीस हजार घरे निवडली आणि त्यांतल्या पाव भाग घरांशी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवड करून संपर्क साधला. फोन केले, दारोदार गेले, अर्ज भरायला मदत केली. बाकीच्या घरांना तसेच राहू दिले.

त्यांना दोन गोष्टी आढळल्या. पहिली, इतके समजावूनही सहा टक्क्यांच्या आसपास घरांनीच काम करून घेतले. फुकट असूनही! कागदपत्रे, घरी येणारी अनोळखी माणसे, मजुरी बुडवून थांबावे लागणारे दिवस, हे सगळे गरिबाला महाग पडते. समजावण्याचाच खर्च प्रत्येक वाढीव लाभार्थी घरामागे हजार डॉलरहून अधिक झाला. दुसरी गोष्ट, ज्यांनी काम करून घेतले त्यांच्या घरी ऊर्जा नक्की वाचली, दहा ते वीस टक्के. पण अभियंत्यांच्या गणिताने जी बचत सांगितली होती, ती प्रत्यक्षाच्या तिपटीहून अधिक होती.

इथे लोक लगेच म्हणतील, मेक्सिकोसारखेच झाले असेल, लोकांनी घर जास्त तापवले असेल. संशोधकांनी तीही शंका तपासली. घरांतले तापमान मोजले. ते वाढलेले आढळले नाही. म्हणजे दोष लोकांच्या सवयीत नव्हता, गणितच फुगलेले होते. कार्यक्रम फसला की लाभार्थ्याच्या माथी खापर फोडण्याची आपली सवय आहे. 'आम्ही दिले हो, पण यांना वापरता येत नाही.' असे म्हणण्याआधी मोजून पाहावे. मिशिगनने मला हे शिकवले.

आता खालांकडे परत येतो. मी त्यांच्या घरी गेलो. आमचा एक बल्ब स्वयंपाकघरात पिवळ्या बल्बच्या जागी लागला होता. दुसरा बाहेरच्या बोळात लागला होता, तिथे आधी दिवाच नव्हता. म्हणजे त्या बल्बने वीज वाचवली नाही, नवीन वापरली. आणि त्यांची धाकटी मुलगी रात्री अकरापर्यंत अभ्यास करत होती. आधी नऊ वाजता दिवा बंद व्हायचा.

माझ्या अहवालाच्या भाषेत हे सगळे नुकसान होते. पण तुम्हीच सांगा, हे नुकसान आहे का? अंधाऱ्या बोळात बाई-माणसाला रात्री पाय टाकायला उजेड मिळाला. एका मुलीला दोन तास जास्त अभ्यास करता आला. ज्या घरात वीज आधीच पोटाला चिमटा काढून वापरली जात होती, तिथे थोडी जास्त वापरली गेली तर तिला उधळपट्टी म्हणायचे नाही. ज्याच्याकडे चार एसी आहेत त्याने पाचवा लावणे आणि खालांनी बोळात दिवा लावणे या दोन गोष्टी एकाच खात्यात घालता येत नाहीत. म्हणून मूल्यमापनात युनिटांशेजारी आणखी एक रकाना हवा, की या घराला काय मिळाले? तो रकाना नसेल तर गरिबाची सोय आपल्या कागदावर कायम तोटा म्हणून लिहिली जाईल. आणि याची दुसरी बाजूही आहे. आपण 'वीज वाचली' असे लिहायचे आणि प्रत्यक्षात उजेड वाढलेला असायचा, हेही खरे नाही. उजेड वाढला तर उजेड वाढला असे लिहावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता सवयींबद्दल. आपल्या सभांमध्ये नेहमी सांगितले जाते, जाताना दिवे बंद करा. चांगलेच आहे. पण २०१० मध्ये अमेरिकेत शाझीन अट्टारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचशेहून अधिक लोकांना विचारले की ऊर्जा वाचवायचा सर्वात परिणामकारक उपाय कोणता. बहुतेकांनी दिवे बंद करण्यासारख्या, वापर आवरण्याच्या गोष्टी सांगितल्या. कमी वीज खाणारी यंत्रे घेण्याचे फार थोड्यांना सुचले. वेगवेगळ्या वस्तू किती ऊर्जा खातात आणि कोणत्या उपायाने किती वाचते याचा त्यांचा अंदाज सरासरीने प्रत्यक्षाच्या जवळपास एक-तृतीयांश होता. आपलेही तसेच आहे. दिवा डोळ्यांसमोर असतो म्हणून तो आठवतो. पंखा डोक्यावर असतो म्हणून विसरला जातो. साध्या पंख्याच्या जागी तीस वॅटचा बीएलडीसी पंखा बसवला आणि तो दिवसाला पंधरा तास चालला, तर महिन्याला वीस युनिट वाचतात. खालांच्या त्या बल्बच्या तिप्पट. पंखा महाग आहे हे खरे, पण वर्गणी कुठे खर्च करायची ते ठरवताना हा हिशेब समोर हवा. आम्ही बल्ब निवडले, कारण बल्ब वाटायला सोपे होते.

सवयी बदलतात कशाने? कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात २९० घरांवर एक प्रयोग झाला, २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रत्येक घराच्या दारावर चिठ्ठी लावली, तुमचा वापर इतका आणि शेजाऱ्यांची सरासरी इतकी. ज्यांचा वापर जास्त होता त्यांनी कमी केला. पण ज्यांचा कमी होता, त्यांनी वाढवला! त्यांना वाटले, आपणच का काटकसर करतो आहोत? मग काही चिठ्ठ्यांवर कमी वापरणाऱ्यांसाठी एक हसरा चेहरा काढला. तेवढ्याने त्यांची वाढ थांबली. पुढे ही कल्पना मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. अमेरिकेतल्या सहा लाख घरांच्या आकडेवारीवरून हंट ऑलकॉट यांनी २०११ मध्ये दाखवले की शेजाऱ्यांशी तुलना करणारी पत्रे पाठवल्याने वापर सरासरी दोन टक्क्यांनी घटतो. दोनच टक्के. पण कागदाच्या खर्चात दोन टक्के, आणि ते तुलनेच्या गटासह मोजलेले. मला असे छोटे पण खरे दोन टक्के माझ्या अहवालातल्या मोठ्या आकड्यापेक्षा मोलाचे वाटतात.

आपल्या देशातही अनंत सुदर्शन यांनी शहरी घरांत असाच प्रयोग केला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. शेजाऱ्यांशी तुलना दाखवल्यावर उन्हाळ्यातला वापर सुमारे सात टक्क्यांनी घटला. पण त्याच तुलनेला पैशाच्या बक्षिसाची जोड दिली, तेव्हा तो परिणाम उरला नाही. आपल्यापैकी कोणी 'सर्वात कमी बिल, पहिले बक्षीस' अशी स्पर्धा ठरवत असेल, तर आधी हे लक्षात घ्या.

आणि एक इशारा आपल्या सर्वेक्षणांसाठी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही घरांना दर आठवड्याला एक पोस्टकार्ड पाठवले. त्यात एवढेच होते की तुम्ही वीजवापराच्या एका अभ्यासात सहभागी आहात. काही सूचना नाही, काही बक्षीस नाही. तरी त्या घरांत वीज २.७ टक्के कमी वापरली गेली, आणि कार्डे थांबल्यावर तो फरक नाहीसा झाला. आपल्यावर कोणाचे तरी लक्ष आहे एवढे कळले तरी माणूस बदलतो. म्हणून आपण घरोघर जाऊन आल्याच्या पुढच्या महिन्यात जी घट दिसते, ती बल्बची की आपल्या भेटीची, हे सांगता येत नाही. वर्षभराने पुन्हा जावे लागते.

मग आपण मोहल्ल्यात काय करायचे? आपण विद्यापीठ नाही, आपल्याकडे निधी नाही. पण चार गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, रुपये पाहू नका, युनिट पाहा. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटांपर्यंत एक दर आणि त्यावरच्या युनिटांना बराच चढा दर असतो. स्थिर आकार वेगळा, इंधन समायोजन वेगळे. युनिट तेवढेच राहूनही रक्कम वाढू शकते. त्यातही एखाद्या महिन्यात रीडिंग न घेता सरासरीने बिल आलेले असेल, तर तो महिना बाजूला ठेवा. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. वाटप करण्याआधी घराच्या परवानगीने तो उतरवून घ्या. वाटपानंतर आधीची परिस्थिती आठवून लिहिता येत नाही.

दुसरी, तुलना कोणत्या महिन्याशी करता ते पाहा. खालांनी फेब्रुवारी आणि मे यांची तुलना केली, म्हणजे थंडी आणि उन्हाळा यांची. त्यापेक्षा गेल्या वर्षीचा तोच महिना बरा. पण आपल्या वस्त्यांत त्यातही एक मेख आहे. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२४ च्या मार्चमध्ये रमजानचे वीस दिवस होते, २०२५ च्या मार्चमध्ये जवळजवळ सगळा महिना रमजानचा होता. सहेरीला तीन-साडेतीनपासून घर जागे असते, दिवे-पंखे चालू असतात, दिवसाचा स्वयंपाक रात्रीवर जातो. म्हणजे मार्चची मार्चशी तुलना केली तरी दोन वेगळे महिने तोलल्यासारखे होते. बाहेरून आलेल्या सर्वेक्षकाला हे ठाऊक नसते. आपल्याला ठाऊक आहे, तर आपणच ते सांगितले पाहिजे. निदान वर्षभराची बेरीज वर्षभराशी तोलावी.

तिसरी, शेजारची गल्ली तुलनेसाठी ठेवा. आपल्याकडे सगळ्या गल्ल्यांना एकाच वेळी द्यायला पैसे नसतातच. मग कोणत्या गल्लीला आधी द्यायचे हे कसे ठरते? ओळखीने, किंवा जो मोठ्याने मागतो त्याला. त्याऐवजी सर्वांसमोर चिठ्ठ्या टाका. निम्म्या गल्ल्यांना यंदा, निम्म्यांना पुढच्या वर्षी. मध्यंतरी ऊन, सण, दरवाढ, भारनियमन दोन्हीकडे सारखेच असणार. जो फरक उरेल तो आपल्या कामाचा. काहींना वाटते की थांबवून ठेवणे अन्यायाचे आहे. मला उलट वाटते. सगळ्यांना एकदम देता येत नसेल, तर ओळखीपेक्षा चिठ्ठी अधिक न्यायाची. मात्र पुढच्या वर्षी देण्याचे वचन पाळले पाहिजे.

चौथी, बचत कोणाच्या खिशात गेली ते विचारा. आमच्या भागात अनेक भाडेकरूंचे स्वतंत्र मीटर नाहीत. मालक दिव्यामागे, पंख्यामागे महिन्याची ठरावीक रक्कम घेतो. अशा घरात बल्ब बदलला तर वीज वाचते, पण ती मालकाच्या बिलात. भाडेकरूला एक रुपयाही मिळत नाही. हे आम्हाला वाटपाच्या वेळी कोणी सांगितले नाही, कारण आम्ही विचारलेच नव्हते. अशा घरांसाठी बल्ब वाटण्यापेक्षा स्वतंत्र मीटरसाठी अर्ज भरून देणे हे कदाचित मोठे काम ठरेल.

या चार गोष्टी केल्या तरी आपले आकडे लहान येतील, हे मी आधीच सांगून ठेवतो. देणगीदाराला ते आवडणार नाहीत. पुढच्या वर्षी वर्गणी कमी होईल की काय, अशी भीती मलाही वाटते. पण वर्गणी देणारा माणूस आपल्यावर विश्वास ठेवून देतो, आणि तिची झळ ज्याला बसते किंवा लाभ ज्याला होतो तो खालांसारखा माणूस असतो. या दोघांनाही खरा आकडा कळण्याचा हक्क आहे. सरकारला आम्ही विचारणार की तुमचे चार हजार कोटी युनिट कुठून आले, तर आमच्या काही हजार युनिटांचा हिशेब आधी आम्ही द्यायला हवा.

तो जुना अहवाल मी नंतर दुरुस्त केला. बचतीचे वाक्य काढले आणि त्या जागी लिहिले की एवढे बल्ब वाटले, ज्या घरी पुन्हा जाता आले तिथे काही जुन्या बल्बच्या जागी लागले होते, काही नव्या जागी, काही कपाटात होते. वाचलेल्या विजेचा आकडा आम्ही मोजलेला नाही. हा कागद मी खालांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकले आणि म्हणाल्या, "हे बरोबर आहे. आता पंख्याचं बघ."

पंख्याचे आम्ही बघतो आहोत. गल्ल्यांच्या चिठ्ठ्या पुढच्या महिन्यात टाकणार आहोत. या वेळी बारा महिन्यांचे युनिट आधी वहीत उतरवले आहेत. निकाल काय येईल ते मला आज सांगता येत नाही. वर्षभराने बोलावलेत तर येऊन सांगेन, आकडा लहान असला तरी.